स्पर्धेआधीचे सहा आठवडे : गार्ड पासचा सराव कसा बांधायचा

बडोद्यातल्या मराठी घरातला मुलगा ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या मॅटवर येतो तेव्हा थोडीफार कुस्ती त्याच्या कानावरून तरी गेलेली असते. आजोबांनी नाहीतर काकांनी जुम्मादादा व्यायाम मंदिरात, म्हणजे प्रो. माणिकरावांच्या आखाड्यात, जोर-बैठका मारलेल्या असतात. पट, ढाक, लपेट हे शब्द घरात फिरलेले असतात. उभ्याने खेळताना याचा उपयोग होतो. खाली गेल्यावर मात्र तीच सवय अंगाशी येते. समोरच्याची पाठ टेकली की हात आपसूक त्याच्या मानेकडे जातो, छाती खाली पडते, एक हात त्याच्या पायांच्या आत आणि एक बाहेर राहतो, आणि ट्रँगल बसतो, म्हणजे पायांच्या कैचीत मान आणि एक हात धरून तो गळा आवळतो. चितपट झालेला माणूस इथे हरलेला नसतो. त्याचे दोन पाय आणि खुबे अजून शाबूत आहेत, तोच त्याचा गार्ड. ते पाय ओलांडून त्याच्या बाजूला पोचायचं आणि तिथे टिकायचं, याला गार्ड पास म्हणायचं.

स्पर्धा सहा आठवड्यांवर आली आहे आणि पट्टा पांढरा किंवा निळा आहे, असं धरून पुढचं लिहिलं आहे. सराव गी (जाड सुती जाकीट आणि पँट) घालून आहे असंही धरलं आहे. नो-गीत, म्हणजे गीशिवाय खेळताना, काय बदलतं ते मधे येईल.

आधी गुणांचा हिशेब

आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय जिउ-जित्सू महासंघाच्या नियमांत पासला 3 गुण आहेत. टेकडाउनला (उभ्याने खाली पाडणं) 2, स्वीपला (खालून उलटवून वर येणं) 2, नी-ऑन-बेलीला (पोटावर गुडघा) 2, माउंट (अंगावर स्वार होणं) आणि बॅकला (पाठीवर ताबा) प्रत्येकी 4. पासचे 3 गुण मिळायला दोन गोष्टी लागतात: दोन्ही पाय ओलांडून साइड कंट्रोल (बाजूने छातीवर दाब) किंवा नॉर्थ-साउथला (डोक्याकडून दाब) पोचणं, आणि तिथे पूर्ण 3 सेकंद टिकणं. पाय ओलांडले पण समोरचा गुडघ्यांवर वळून कासव झाला, तर फार तर अ‍ॅडव्हांटेज पदरात पडतं (गुण सारखे झाले तरच ते मोजतात). शिवाय आधी गार्ड असावा लागतो. पट काढून थेट साइड कंट्रोलला पडलात तर टेकडाउनचे 2 मिळतात, पासचे 3 त्यात येत नाहीत. कुस्तीतून आलेल्यांना हे पटत नाही, पण नियम तसा आहे.

प्रौढ गटात पांढऱ्या पट्ट्याची मॅच 5 मिनिटांची, निळ्याची 6 मिनिटांची. त्यातलं मिनिटभर उभ्याने पकडापकडीत जातं. उरलेल्या वेळात एक पास नीट लावायचा, तो अडला तर सावरायचं आणि पुन्हा लावायचा, असे तीन-चार प्रयत्न होतात. म्हणून दहा पास पाठ करून काही हाती लागत नाही.

गार्डमध्ये बसून राहण्याचीही सोय नाही. पुढे सरकण्याचा प्रयत्न दिसला नाही की रेफरी 20 सेकंदांनी दंड देतो. पहिला दंड नुसता नोंदला जातो, दुसऱ्याला समोरच्याला अ‍ॅडव्हांटेज, तिसऱ्याला त्याला 2 गुण, चौथ्याला तुम्ही बाद. क्लोज्ड गार्डमधून (त्याचे पाय तुमच्या कमरेभोवती, घोटे मागे अडकवलेले) समोरच्याला उचलून आपटणं म्हणजे थेट बाद. बाहीच्या किंवा पँटच्या मोहरीच्या आत बोटं घालून पकडण्यावर बंदी आहे, आणि पास करताना घाईत हीच चूक होते. प्रत्येक आयोजकाचं रूलबुक थोडं वेगळं असतं. एडीसीसी या नो-गी स्पर्धेच्या पद्धतीने होणाऱ्या स्पर्धांत सुरुवातीच्या वेळात गुणच मोजत नाहीत, तिथे पासची घाई करून उपयोग नाही. फॉर्म भरला त्याच दिवशी रूलबुकचं पासवरचं पान वाचून काढा.

किती पास, आणि कोणते

दोन पास आणि क्लोज्ड गार्ड उघडण्याची एक रीत, एवढ्यावर सहा आठवडे काढायचे. यापेक्षा जास्त घेतलं की सराव पातळ होतो.

दोन पास निवडताना एक कसोटी लावा: पहिल्या पासची तोड समोरच्याने काढली की दुसरा पास आपोआप समोर आला पाहिजे. आखाड्यात डाव, तोड आणि तोडीची तोड एकत्रच शिकवतात, तोच हिशेब. एक पास डावीकडे जाणारा आणि दुसरा उजवीकडे जाणारा असेल तर समोरच्याला एका बाजूला वळून बचाव करता येत नाही. या लेखात जोडी घेतली आहे ती नी कट (गुडघ्याने त्याची मांडी कापत डावीकडे) आणि तोरिआंदो (त्याचे पाय बाजूला ढकलून उजवीकडे) यांची. दोन्ही उभ्याने किंवा अर्ध-उभ्याने सुरू होतात, दोघांची पकड जवळजवळ एकच, आणि पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांच्या मॅचमध्ये जे गार्ड नेहमी समोर येतात (क्लोज्ड, तुमचा एक पाय त्याच्या दोन पायांत अडकलेला हाफ, कमरेवर पाय लावलेला ओपन) त्या सगळ्यांवर ही जोडी चालते.

अंगापिंडाने बुटके, रुंद असाल आणि ओव्हर-अंडर (एक हात त्याच्या एका पायावरून, दुसरा दुसऱ्या पायाखालून) आधीपासून बसत असेल तर नी कटच्या जागी तो ठेवा. नो-गी खेळत असाल तर पँटची पकड नसते, म्हणून तोरिआंदोला घोटे किंवा पोटऱ्या धराव्या लागतात आणि घामाने त्या सुटतात. तिथे बॉडी लॉक, म्हणजे कमरेला दोन्ही हातांची मिठी, जास्त भरवशाचा. पण रोलिंगमध्ये, म्हणजे सरावातल्या मोकळ्या लढतीत, जो पास तुमचा आजही बसतो तो सोडून मोबाइलवर कालच पाहिलेला पास स्पर्धेसाठी धरू नका. सहा आठवड्यांत नवा पास शिकता येतो. भरलेल्या हॉलमध्ये, धापा टाकत असताना हात आपसूक त्याच्याकडे जावा, एवढा तो अंगात मुरत नाही.

सुरुवातीला एक वही घ्या. पुढच्या दहा रोलमध्ये कुठला पास, कुठल्या बाजूने, कुठे अडला, एवढंच लिहा. तिसऱ्या दिवशीच दिसतं की आपण एकाच जागी पुन्हा पुन्हा अडकतो, बहुतेकांचा घोटा हाफ गार्डमध्ये. सराव त्या जागेपासून सुरू करायचा असतो.

क्लोज्ड गार्ड उभ्याने उघडणं

बसून, कोपरं मांड्यांत खुपसून गार्ड उघडायची सवय नवख्यांवरच चालते. जरा जुना माणूस कोपर पुढे आलेलं पाहतो आणि आर्मबार लावतो, म्हणजे हात सरळ करून कोपर उलटं ताणतो. उभं राहणंच बरं.

उजव्या हाताने गीच्या दोन्ही लॅपल (पुढच्या पट्ट्या) त्याच्या छातीच्या मध्यावर एकत्र धरा. डाव्या हाताने त्याची उजवी बाही मनगटाजवळ धरून त्याच्याच पोटावर दाबा. आता डावा पाय आधी उभा करा. बाही ज्या बाजूची धरली त्याच बाजूचा पाय आधी उठतो, कारण तो घोटा धरायला त्याचा हात मोकळा राहिलेला नसतो. उलटा पाय उठवलात तर तो घोटा पकडतो आणि तुम्ही मागे पडता, स्वीपचे 2 गुण गेले. मग उजवा पाय. पाठ सरळ, खुबे पुढे, नजर समोर. खाली वाकून बघितलंत की तो कॉलर ओढून पुन्हा खाली आणतो.

उभं राहिल्यावर डावा हात मागे नेऊन त्याचा उजवा गुडघा आतून खाली दाबा आणि खुबा किंचित वळवा. घोट्यांची गाठ सुटते. तो क्षण फुकट घालवू नका: गुडघा दाबलेला असतानाच तुमचा उजवा गुडघा त्याच्या पायांच्या मधे आला पाहिजे. गार्ड उघडून मागे सरकलात, श्वास घेतलात, की त्याचे पाय कमरेवर येतात आणि सगळं पहिल्यापासून.

नी कट, जवळून

उजवा गुडघा मधे, डावं पाऊल त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर, म्हणजे त्याचा उजवा पाय तुमच्या दोन पायांच्या मधे. याला हेडक्वार्टर्स म्हणतात. इथे थांबता येतं, दम घेता येतो, दोन्ही बाजूंना जाता येतं. पुढचा क्रम असा:

1. डाव्या हातात त्याची उजवी बाही, कोपराजवळ. ती वर, आपल्या काखेकडे ओढायची. खाली ढकललीत तर त्याचं कोपर जमिनीवर टेकतं आणि तो त्यावर उठतो.

2. उजवा हात त्याच्या डाव्या काखेखालून. हा अंडरहूक. मिळाला नाही तर उजवी मूठ कॉलरमध्ये आणि कोपर त्याच्या गळ्याला, पण अंडरहूक सरस.

3. डोकं त्याच्या हनुवटीला भिडवा. मधे बोटभर फट राहिली तरी तिथून त्याचा हात शिरतो.

4. आता गुडघा. उजवी नडगी त्याच्या उजव्या मांडीवर तिरपी पडते आणि गुडघा त्याच्या खुब्याच्या शेजारी जमिनीकडे सरकतो. सुरीने पेरू कापल्यासारखा, तिरपा आणि हळू. गुडघ्याने मांडीवर आदळायचं नाही.

5. डावा पाय मागे लांब, चवड्यावर. वजन त्याच्या छातीवर, आपल्या गुडघ्यावर कमीत कमी.

6. उजवा घोटा सुटला की खुबा जमिनीला लावून बसा, मग छाती वळवा. आणि 3 सेकंद.

कुठे बिघडतं? चारपैकी तीन वेळा दुसऱ्या पायरीवर. त्याचाच डावा हात तुमच्या उजव्या काखेखाली शिरतो, तो कुशीवर वळतो आणि पाठीमागे जातो. तुमचे 3 राहिले बाजूला, त्याचे 4 होतात. अंडरहूक गेला असं जाणवलं की गुडघा कापायचं तिथेच थांबवा. उजव्या हाताने त्याच्या दंडावरून घेरा घालून तो हात वर आवळा, कपाळ त्याच्या कानशिलाला लावा आणि त्याला पुन्हा पाठीवर पाडा. मग पुढचं. घाईत गुडघा पुढे रेटणं हे इथलं सगळ्यात महागात पडणारं काम.

दुसरी अडचण नी शील्डची. त्याचा डावा गुडघा तुमच्या छातीत आडवा येतो. तो गुडघा छातीने दाबून मोडायचा प्रयत्न बहुतेक करतात आणि मिनिटभर तिथेच दमतात. गुडघा घट्ट असेल तर दाबू नका. पँट गुडघ्याजवळ धरून त्याचा डावा पाय आपल्या डावीकडे ओढा आणि स्वतः उजवीकडे जा. हा लेग ड्रॅग. गुडघा सैल असेल तर उजव्या हाताने तो जमिनीवर चिकटवून नी कट पुरा करा. घट्ट की सैल, हे हाताला कळतं, पण त्यासाठी जोडीदाराने सरावात दोन्ही द्यावं लागतं.

तिसरी अडचण, घोटा अडकणं. सगळं जमतं आणि उजवं पाऊल त्याच्या दोन पायांत राहतं. रेफरीच्या लेखी हा हाफ गार्ड, पास नाही. इथे पाय ओढून निघत नाही. आधी त्याला वरच्या अंगाने सपाट करा, अंडरहूक आणि क्रॉसफेसने (खांद्याने त्याचा चेहरा पलीकडे वळवून). मग डाव्या पायाचा चवडा त्याच्या वरच्या गुडघ्यावर टेकवून ढकला आणि त्याच वेळी उजवी टाच आपल्या ढुंगणाकडे ओढा. ढकलणं आणि ओढणं एकाच वेळी झालं तरच फट पडते. गुडघा आतल्या बाजूला पिळून पाय काढू नका. पास करणाऱ्याच्या गुडघ्याला दुखापत होण्याची हीच जागा.

तोरिआंदो

दोन्ही हातांनी पँट गुडघ्यांजवळ, आतल्या बाजूने. बोटं कापडावर बाहेरून, मोहरीच्या आत नाही. कोपरं बरगड्यांशी, पाठ जरा वाकलेली पण डोकं हातांच्या पुढे गेलेलं नको. गेलं की त्याला कॉलर सापडते.

गुडघे त्याच्या छातीकडे आणि तुमच्या डावीकडे ढकला आणि त्याच क्षणी उजवं पाऊल त्याच्या डाव्या खुब्याच्या रेषेत टाका, डावं मागोमाग. हातांनी पाय बाजूला करून आपण जागेवरच उभे, हा तोरिआंदोचा नेहमीचा दोष. हात फक्त अर्धा सेकंद विकत घेतात, पास पावलांनी होतो. जोडीदाराने मॅटवर खुब्याच्या रेषेत टेपचा तुकडा चिकटवून ठेवावा; पाऊल टेपवर पडलं तरच ती खेप धरायची.

मग उजवा खांदा त्याच्या छातीच्या खालच्या भागावर. डावा हात अजून पँटवरच, गुडघे आत येऊ नयेत म्हणून. दोन्ही हात एकदम सोडून मिठी मारायला गेलात तर त्याचा डावा गुडघा मधे येतो. अनुभवी माणूस तसाही गुडघा आणतो. तो आला, आणि तो तुमच्याकडे वळून गार्ड पुन्हा जुळवू लागला, की पाय एका क्षणापुरते उघडे असतात. उजवा गुडघा मधे घाला: परत हेडक्वार्टर्स, परत नी कट, आता उलट्या दिशेने. सराव करायचा आहे तो या वळणाचा. एकटा तोरिआंदो शंभर वेळा मारून ते वळण येत नाही.

3 सेकंद

बहुतेक वर्गांत पास झाला की दोघंही हसून उठतात आणि पुन्हा सुरू करतात. त्यामुळे शरीराला वेगळंच शिकवलं जातं: पोचलं की सोडायचं. सहा आठवडे एक नियम पाळा. पास झाला की जोडीदार मोठ्याने, सावकाश एक-दोन-तीन मोजेल आणि त्याच तीन आकड्यांत जिवाच्या आकांताने निसटायचा प्रयत्न करेल. तिसरा आकडा ऐकेपर्यंत ड्रिल संपलं असं म्हणायचं नाही.

टिकायचं कसं? उजवीकडे पास झाला असेल तर उजव्या खांद्याचा क्रॉसफेस, म्हणजे त्याचा चेहरा तुमच्या उलट दिशेला वळलेला. माणूस जिकडे बघू शकत नाही तिकडे वळू शकत नाही. डावा हात किंवा डावा गुडघा त्याच्या जवळच्या खुब्याशी, कारण गुडघा आत येतो तो तिथूनच. खुबे जमिनीलगत. माउंटची घाई नको. 3 गुण पाटीवर चढलेले दिसले की मग पुढचं.

जोडीदार

आखाड्यात ज्याला जोड म्हणतात तो इथे अर्धा वस्तादच असतो. फार मऊ जोडीदार निरुपयोगी, तो मेल्यासारखा पडतो आणि तुमचा पास सुंदर दिसतो. दर खेपेला फायनल खेळणाराही निरुपयोगी. चांगल्या जोडीला सांगितलेलं काम करता येतं: "आज तू फक्त अंडरहूक शोध", "आज फक्त नी शील्ड ठेव". ही कामं आदल्या दिवशीच वाटून घ्या. नाहीतर मॅटवर पाच मिनिटं चर्चेतच जातात.

वजनाने जवळचा जोडीदार नेहमीसाठी. आठवड्यातून एकदा हलका आणि लवचीक, ज्याचे पाय सारखे परत येतात. एकदा 10 किलोने तरी जड, ज्याच्यावर ताकद चालत नाही. लांब पायांचा मुलगा वर्गात असेल तर त्याला सोडू नका, स्पायडर आणि लासो हे बाही धरून हाताला पाय लावायचे गार्ड त्याच्याकडूनच शिकायला मिळतात. बाहीवर पाय लागला की हात बाहेरून फिरवून सोडवायचा, सरळ मागे ओढायचा नाही, एवढं तरी त्याच्याबरोबर करून ठेवा.

आठवड्यांची मांडणी

आठवड्याला चार दिवस, दीड-दीड तास, एवढं नोकरी-कॉलेज सांभाळून जमतं. दीड तासाचे भाग साधारण असे: 10 मिनिटं अंग गरम करणं, 15 मिनिटं ठरलेल्या क्रमाचे पास, 30 मिनिटं ठरावीक जागेपासून लढत, 25 मिनिटं मोकळं रोलिंग, उरलेली 10 मिनिटं मान, खुबे आणि वही.

पहिल्या दोन आठवड्यांत जोडीदार एकच तोड देतो, ती आधी सांगून. 2 मिनिटांच्या पाच फेऱ्या, मधे मिनिटभर विश्रांती. प्रतिकार तिसऱ्या हिश्शाइतका. किती झाले ते मोजू नका. दोन मिनिटांत पंचवीस पास मारणाऱ्याचे हात वेगाने हलतात, पावलं नाहीत.

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात तोड न सांगता. ठरावीक जागेपासून 90 सेकंद: पास झाला आणि 3 सेकंद टिकला तर तुमचा, स्वीप किंवा सबमिशन (हार मानायला लावणारी पकड) झालं तर त्याचा, लगेच परत त्याच जागी. एका दिवशी हेडक्वार्टर्सपासून, एका दिवशी क्लोज्ड गार्डपासून. आणि दर खेपेला निदान दोन फेऱ्या सगळ्यात वाईट जागेपासून: अंडरहूक त्याचा, घोटा तुमचा अडकलेला. हे कुणाला आवडत नाही. मॅच मात्र बऱ्याचदा याच जागी येऊन थांबते, म्हणून या फेऱ्या टाळू नयेत.

पाचवा आठवडा मॅचसारखा. उभ्याने सुरुवात, तिसरा माणूस रेफरी, घड्याळ, गुण मोठ्याने. पूर्ण 5 किंवा 6 मिनिटं, 10 मिनिटं विश्रांती, असे तीन सामने, आठवड्यातून दोनदा. काही सामने ठरवून मागे राहून सुरू करा: "0-2 आहे, 2 मिनिटं उरली." तेव्हा कळतं की तोरिआंदो वेगाने दोन्ही बाजूंना मारणं हाच मार्ग आहे. "5-0 ने पुढे, 1 मिनिट उरलं" असंही खेळा. इथे नवा धोका पत्करायचा नसतो, पण 20 सेकंदांचा दंडही टाळायचा असतो, म्हणून दाब ठेवून सरकत राहणं शिकावं लागतं. कुस्तीची बैठक असेल त्यांनी पट काढून वर येणं आणि 2 गुण घेणं याच आठवड्यात जोडून घ्यावं.

सहाव्या आठवड्यात सगळं निम्मं. शेवटचं जोरकस स्पॅरिंग स्पर्धेच्या 4-5 दिवस आधी. शेवटचे दोन दिवस हलक्या हाताने पास, 15-20 मिनिटं, घाम येईल इतपत.

स्टॅक (पाय डोक्याकडे दुमडून पास) किंवा डबल-अंडरचा (दोन्ही हात पायांखालून) सराव करत असाल तर जोडीदाराची मान सांभाळा, त्याच्या मानेवर वजन देऊन पुढे रेटू नका. पँट आणि बाही धरून बोटांची पेरं सुजतात. टेप सरावातच लावून बघा, म्हणजे ती पकडीत कुठे टोचते ते आधी कळेल.

बडोद्याचं हवामान आणि ऋतू

एप्रिल-मेमध्ये इथे पारा 40 च्या वर जातो आणि बहुतेक हॉलमध्ये पंखेच असतात. सरावाआधी आणि नंतर वजन करा. जो फरक दिसतो ते पाणी आहे, चरबी नाही. एक किलोमागे पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर, मीठ-साखरेसह, परत गेलं पाहिजे. संध्याकाळी कमी झालेलं वजन पाहून खूश होणारा दुसऱ्या दिवशी पेटके येऊन बसतो.

पावसाळ्यात गी वाळत नाही आणि नायटा पसरतो. दोन गी लागतातच. ओलसर गी पुन्हा घालू नका, आणि अंगावर लाल गोल चट्टा दिसला तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत मॅटपासून लांब. जोडीदारावर एवढे उपकार कराच.

ऑक्टोबरच्या स्पर्धेला आणखी एक अडचण, नवरात्र. बडोद्यात राहून गरबा खेळू नका असं सांगण्यात अर्थ नाही, कुणी ऐकणार नाही. पण नऊ रात्री अनवाणी खेळून तळव्यांना फोड येतात आणि पोटऱ्या दगड होतात, आणि तोरिआंदो पावलांवर चालतो. नवरात्र शेवटच्या दोन आठवड्यांत येत असेल तर तीन-चार रात्री निवडा, त्या दिवसांचं धावणं आणि दोरीच्या उड्या बंद करा, आणि मॅटवर त्या दिवशी फक्त साइड कंट्रोल टिकवायचं काम ठेवा.

वजन, प्रवास, सकाळ

आयबीजेजेएफच्या गी स्पर्धांत वजन गी घालून आणि पहिल्या मॅचच्या अगदी आधी होतं, एकच संधी. गी साधारण दीड-दोन किलोची. म्हणजे 76 किलोच्या गटात खेळणाऱ्याने अंगाचं वजन 74 च्या खाली ठेवून आठवडाभर आधीच गीसकट काट्यावर उभं राहून बघावं. बाकी आयोजक आदल्या दिवशीही वजन करतात, रूलबुकात ते असतं.

स्पर्धा मुंबईत असेल तर रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी खेळायचा मोह होतो. बर्थवर खुबे आखडतात, झोप अर्धवट होते. एक रात्र आधी पोचणं जमत असेल तर तेच करा. नसेल तर हॉलवर पोचल्यावर अर्धा तास नुसतं चालणं आणि खुबे मोकळे करणं ठेवा.

खाणं मॅचच्या तीनेक तास आधी, रोजच्या सवयीचं: पोहे, केळं, दही-भात. आदल्या संध्याकाळी सेव उसळ नको. ती तिखट तरी सकाळी स्टॅक होताना आठवते. नखं कापलेली हवीत, तपासतात.

अंग गरम करताना जोडीदाराबरोबर दोन मिनिटं तोरिआंदो आणि नी कटची अदलाबदल, निम्म्या जोराने, मग एकदा पकडी घट्ट धरून सोडणं. कपाळावर घाम आला की पुरे. नाव पुकारायला वेळ लागतो, तोवर जॅकेट अंगावर ठेवा.

दोन मॅचच्या मधे अर्धं केळं, दोन घोट पाणी, आणि टेप सैल झाली असेल तर नवी. कोपऱ्यात उभ्या असलेल्या कोचला किंवा जोडीदाराला एकच विचारा: पुढचा समोरच्या मॅटवर खेळताना कुठल्या कुशीवर वळत होता? उजव्या कुशीवर वळत असेल तर सुरुवात तोरिआंदोने, डाव्या कुशीवर वळत असेल तर नी कटने.